गंजलेल्या यंत्रभागांचें जतन व पुनर्रंजन
(झँथो आगबोटीच्या इंजिनाच्या निमित्तानें)

कागद जुना झाला म्हणजे त्यास कसर लागते. लोखंड जुनें झालें म्हणजे त्यावर गंज चढतो. पहिल्या आपत्तीचा विचार संशोधकांच्या मंडळींत पुष्कळ झाला आहे. जीर्ण पोथी कशी उलगडावी, एकमेकांस चिकटलेले बंद कसे सोडवावे, पुसट झालेलें मोडी अक्षर कोणत्या उजेडांत वाचावें, याविषयीं मतभेद असले तरी मूळ कागद वाचून व त्याची नक्कल करून घेतल्यावांचून त्यास धुण्यापुसण्यासाठीं हात लावूं नये, एवढ्यावर सर्वांचें एकमत आहे. तीच मंडळी लोखंडाच्या बाबतींत मात्र निराळ्या न्यायानें वागतात. एखाद्या जुन्या आगगाडीच्या, आगबोटीच्या किंवा गिरणीच्या इंजिनाचा भाग हातीं आला, कीं तारेच्या ब्रशानें तो लखलखीत होईपर्यंत खरवडावयाचा, वर काळें रोगण चढवावयाचें आणि जीर्णोद्धार झाला म्हणून समाधान मानावयाचें, असा परिपाठ दिसतो. पोथींतील चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ फाशीत. येथें न चुकलेल्या मजकुरावर हरताळ फासला जातो.

यावर कोणी म्हणेल कीं, मग गंज तसाच राहूं द्यावा काय? तेंही चालणार नाहीं. धूळ कागदावर बसते, पण कागदास खात नाहीं. गंज हें खुद्द लोखंडाचेंच रूपांतर होय, आणि ओल व हवा मिळत राहिली तर तें थांबत नाहीं. त्यांतून लोखंड समुद्रांत राहिलेलें असेल तर विचारावयासच नको. मिठांतील क्लोराइड लोखंडाच्या अंतर्भागापर्यंत शिरतें. असा भाग पाण्याबाहेर काढून नुसता वाळविला तर वरून धडधाकट दिसणारी वस्तु कांहीं महिन्यांत पापुद्रे सुटून ढासळते. म्हणजे खरवडलें तर लेख जातो आणि न खरवडलें तर लेखासह लोखंडही जातें. या दुहेरी पेंचांतून वाट कशी काढावी, याचें आमच्या माहितींतील उत्तम उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियांतील झँथो या आगबोटीच्या इंजिनाचें आहे.

झँथो ही १८४८ सालीं स्कॉटलंडांत डंबार्टन येथें डेनी यांच्या कारखान्यांत बांधलेली चाकांची आगबोट. तेवीस वर्षांच्या चाकरीनंतर, १८७१ सालीं, ती ग्लासगो येथील एका मोडीच्या व्यापाऱ्याकडे आली. त्यानें जुनी चाकें व त्यांचीं यंत्रें काढून टाकलीं आणि त्यांच्या जागीं पंख्यानें बोट चालविणारें एक जुनें इंजिन बसविलें. हें इंजिन ग्रिनिच येथील जॉन पेन यांच्या कारखान्यांत १८६१ सालीं ब्रिटिश आरमारासाठीं तयार झालें होतें. चार्ल्स एडवर्ड ब्रॉडहर्स्ट नांवाच्या वसाहतींतील उद्योजकानें ही बोट मोत्यांच्या धंद्याकरितां व किनाऱ्यावरील वाहतुकीकरितां विकत घेतली. पुढें १८७२ सालच्या नोव्हेंबरांत, शिशाच्या कच्च्या धातूनें लादलेली असतां, ती पोर्ट ग्रेगरी येथें उथळ पाण्यांत बुडाली. १९७९ सालीं हौशी पाणबुड्यांस तिचा शोध लागला.

येथपर्यंतची कथा कोणत्याही बुडालेल्या गलबताची आहे. विशेष आहे तो पुढील सहा वर्षांत. इंजिन ताबडतोब वर खेंचण्याचा मोह पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयानें आवरला. मायकेल मॅकार्थी हे पुरातत्त्ववेत्ते आणि इयान मॅक्लाउड हे धातूंच्या क्षरणाचे जाणते रसायनज्ञ, या दोघांच्या देखरेखीखालीं इंजिन पाण्यांत असतांनाच त्याची नाडी पाहण्यांत आली: कोणत्या भागाची विद्युत्स्थिति काय आहे, गंज कोठें वेगानें चालला आहे, कोठें मंदावला आहे, हें मोजण्यांत आलें. नंतर लोखंडापेक्षां लवकर झिजणाऱ्या धातूचे ठोकळे इंजिनास जोडण्यांत आले, म्हणजे समुद्राचें पाणी त्या ठोकळ्यांस खात राहील व लोखंडास उसंत मिळेल. याप्रमाणें उपचार समुद्रतळींच सुरू झाला. १९८५ सालीं इंजिन वर काढण्यांत आलें तें थेट प्रयोगशाळेच्या टाकींत गेलें. त्यास मध्यें वाळूं दिलें नाहीं.

टाकींतील क्रिया समजण्यास कठीण नाहीं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत लोखंडी वस्तु बुडवून तिला विजेच्या ऋण टोंकाशीं जोडतात व सभोंवार ठेविलेल्या पोलादी पत्र्यांस धन टोंकाशीं. क्लोराइड ऋणभारित असल्यामुळें तें वस्तूंतून बाहेर पडून पत्र्यांकडे ओढलें जातें. पाण्यांत क्लोराइड किती उतरलें हें वेळोवेळीं मोजावयाचें, पाणी बदलावयाचें, आणि नव्या पाण्यांत तें जवळजवळ उतरेनासें होईपर्यंत क्रम चालू ठेवावयाचा. येथें घाई करून विजेचा जोर वाढविला तर वस्तूच्या अंगावर हायड्रोजनचे बुडबुडे इतक्या वेगानें निघतात कीं ते मूळचा पृष्ठभागच उचकटून काढतात. ही भीति विशेषतः ओतीव लोखंडास फार. समुद्रांत ओतीव लोखंडांतील लोह विरघळून जातें आणि मागें काळ्या ग्राफाइटची जाळी राहते. ती चाकूनें कापतां येईल इतकी मऊ असते, परंतु ओतकामाच्या वेळीं उमटलेला आंकडा किंवा ओळखीची खूण तिच्यावरच शिल्लक असते. तारेच्या ब्रशाचा एक हात फिरला कीं तो लेख कायमचा नाहींसा झाला म्हणून समजावें.

झँथोच्या इंजिनावरील चुनखडी व गंज यांचें दगडी कवच थोडें थोडें करून, वर्षानुवर्षें, काढण्यांत आलें. मग एक एक भाग सुटा करून त्यावर स्वतंत्र उपचार झाले आणि सर्व भाग पुनः जोडले गेले. २००६ सालीं हें इंजिन हातानें फिरूं लागलें. समुद्रतळीं शंभरांहून अधिक वर्षें पडलेलें यंत्र एकवीस वर्षांच्या शुश्रूषेनें हललें, हें नवल आहेच. परंतु आम्हांस त्याहून अधिक मोल वाटतें तें सुटे करतांना वाचल्या गेलेल्या मजकुराचें. स्क्रूचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं सुचविलेल्या प्रमाणाचे निघाले. क्रिमियाच्या युद्धांत पेन यांनीं नमुन्याच्या इंजिनाचे भाग निरनिराळ्या कारखान्यांस वांटून देऊन एका जातीचीं पुष्कळ इंजिनें थोडक्या दिवसांत उठविलीं होतीं. कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही इंजिनास बसावा अशी ही पद्धति आट्यांच्या एकाच मापावांचून शक्य नव्हती. तिचा साक्षात् पुरावा येथें हातीं आला. दुसरें असें कीं, या इंजिनास वाफ पुनः पाणी करून वापरण्याची सोय नव्हती. त्यास सतत गोडें पाणी लागे. जेथें गोडें पाणी दुर्मिळ आणि दुरुस्तीचे कारखाने त्याहून दुर्मिळ, अशा किनाऱ्यावर ब्रॉडहर्स्टनें असलें इंजिन चालविलें! त्याच्या व्यवहारांतील अडचणींचा एवढा स्पष्ट जबाब कागदपत्रांत क्वचितच मिळाला असता.

समुद्र न पाहिलेल्या, केवळ दमट हवेंत गंजलेल्या भागांस एवढा खटाटोप लागत नाहीं. त्यांकरितां संग्रहालयांत टॅनिनच्या द्रावणाचा उपयोग पुष्कळ होतो, आणि हा उपाय आपल्या वाचकांस फारसा परका वाटूं नये. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातली कीं शाई होते. युरोपांत हिरड्याच्या जागीं मायफळ घालीत. त्या शाईचा काळेपणा म्हणजे लोह व टॅनिन यांचा संयोग. सुटा गंज हलक्या हातानें काढून उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिनचे तीन-चार हात दिले कीं तोच संयोग लोखंडाच्या अंगावर होतो व निळसर काळा थर बसतो. म्हणजे यंत्रास शाईनेंच माखावयाचें. गंमत अशी कीं, जी शाई जुन्या पोर्तुगीज दप्तरांतील कागद जाळून टाकते तीच लोखंडास जपते. मात्र आंत क्लोराइड दडलेलें असेल तर हा लेप कुचकामाचा. खालून गंज पुनः फुटतो. फॉस्फरिक आम्लाचा उपाय टॉमस वॉट्स कॉस्लेट यांच्या १९०६ सालच्या पेटंटापासून कारखानदारींत रूढ झाला. नव्या कामास तो उत्तम, पण आम्ल गंजाबरोबर खालच्या बारीक खुणाही खातें, म्हणून जुन्या वस्तूस तें जपूनच लावावें.

आतां रंगाविषयीं. लोखंडावर अस्तर म्हणून जवसाच्या तेलांत कालविलेला शेंदूर देण्याची चाल शेंकडों पूल व इंजिनांवर होती, आणि गुणानें तो लेप खरोखर श्रेष्ठ. आपल्याकडील देवतांच्या मूर्तींवर शेंदराचीं पुटें चढून कवच बनतें व तें गळून पडलें म्हणजे आंतील मूळ मूर्ति दिसते, हें सर्वांस ठाऊक आहे. इंजिनाचेंही तसेंच असतें: अस्तर, रंग, रेघा, रोगण, पुनः अस्तर. या पुटांचा लहानसा कपचा राळेंत बसवून, कडेनें घासून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला म्हणजे मालक बदलले, रंग बदलले, कोणता भाग मागाहून बसविला, हें पानामागून पान वाचावें तसें वाचतां येतें. शिसें विषारी असल्यामुळें असे थर कोरडे खरवडूं नयेत, हें आरोग्याच्या दृष्टीनेंही खरें.

केवळ कागदावर विसंबून रंग दिल्यास काय होईल, याचें एक मासलेवाईक उदाहरण आहे. लंडन-ब्रायटन रेल्वेचे यंत्राध्यक्ष विल्यम स्ट्राउडली आपल्या इंजिनांच्या रंगास 'सुधारलेला इंजिनी हिरवा' असें म्हणत. हा 'हिरवा' प्रत्यक्षांत गेरूच्या जातीचा सोनेरी पिवळा होता! स्ट्राउडली रंगांधळे होते अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नुसत्या नांवावरून रंग देणाऱ्यानें इंजिन हिरवेंगार करून ठेविलें असतें. १८८२ सालीं बांधलेलें त्यांचें 'ग्लॅडस्टन' हें इंजिन १९२७ सालीं एका हौशी मंडळानें विकत घेऊन जतन केलें, व तें यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयांत आज पिवळ्या अंगानेंच उभें आहे. कागद व वस्तु यांचा विरोध पडल्यास कोणाचा शब्द प्रमाण मानावा, या आपल्या नेहमींच्या वादांत वस्तूच्या बाजूनें एक साक्ष म्हणून आम्ही ती नमूद करतों.

ज्यांच्या संग्रहीं असे भाग आहेत त्यांनीं निदान इतकें करावें. हात लावण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. आंकडे व खुणा यांवर पातळ कागद ठेवून शिसपेनीनें ठसे उतरावे. रंगाचा एक कपचा डबींत जपावा. मग तेलकट मळ काढावा, सुटा गंज लांकडी किंवा पितळी हत्यारानें सोडवावा, आणि लेप असा निवडावा कीं पुढच्या पिढीस तो वस्तूस इजा न करितां काढतां येईल; घरांत ठेवावयाच्या वस्तूस पुष्कळदां मेण पुरतें. पुनः रंगच द्यावयाचा असेल तर जुन्या रंगाचा तळहाताएवढा भाग, खालच्या किंवा मागच्या अंगास, तसाच राखावा. कोणत्या वर्षीं, कोणत्या द्रव्यानें, किती हात दिले हें कागदावर लिहून तो कागद त्या भागाबरोबर ठेवावा, आणि शाई काजळाची वापरावी.