दोन देशांची मैत्री आणि चित्रकला स्पर्धा

दोन देशांच्या राजनैतिक संबंधांना पन्नास, साठ किंवा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की वकिलाती व सांस्कृतिक संस्था पुष्कळदा चित्रकला स्पर्धा जाहीर करतात. विषय बहुधा एकच असतो: उभय देशांची मैत्री. अशा स्पर्धेत भाग घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी व शिक्षकांसाठी ही माहिती दिली आहे.

या विषयावरील चित्रांचा एक साचा ठरून गेला आहे. दोन ध्वज, हस्तांदोलन करणारे दोन हात आणि वर पांढरे कबूतर. देशांची नावे बदलली तरी चित्र तेच राहते, आणि हाच त्याचा मोठा दोष आहे. मैत्री ही दोन विशिष्ट राष्ट्रांमध्ये, एखाद्या विशिष्ट प्रसंगातून आणि अनेकदा कलह मिटल्यानंतर जन्माला येते. तो प्रसंग शोधून काढणे हे चित्रकाराचे पहिले काम होय. कुंचला त्यानंतर हाती घ्यावा.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर उभा असलेला तारणारा ख्रिस्त हे याचे थोर उदाहरण आहे. ही कलाकृती स्पर्धेसाठी घडविलेली नव्हती, तरी दोन देशांच्या मैत्रीची कला कशी असावी हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्जेंटिना व चिली हे दोन्ही कॅथलिक देश सीमावादामुळे युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. दोघांनी युरोपात युद्धनौका बांधावयास दिल्या होत्या. मे १९०२ मध्ये करार झाले, नौदलांच्या वाढीला आवर घालण्यात आला आणि त्याच वर्षी इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांनी लवाद म्हणून सीमेचा निवाडा दिला. बांधल्या जात असलेल्या नौका अखेर ब्रिटन व जपान यांना विकण्यात आल्या.

शिल्पकार मातेओ आलोन्सो यांनी घडविलेला ख्रिस्ताचा पुतळा त्या काळी ब्यूनस आयर्समधील लाकोर्देर विद्यालयात होता. बिशप मार्सेलिनो बेनावेंते यांनी या पुतळ्याचा ध्यास घेतला होता. तो सीमेवर नेऊन उभारावा, यासाठी आंखेला दे ओलिव्हेरा सेझार दे कोस्ता या गृहिणीने चिकाटीने प्रयत्न केले. पुतळ्याचे भाग आगगाडीने व पुढे खेचरांच्या साहाय्याने पर्वतावर चढविण्यात आले. १३ मार्च १९०४ रोजी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील खिंडीत, दोन्ही देशांच्या सैनिकांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले.

ब्राँझची ही मूर्ती सुमारे सात मीटर उंच आहे. डाव्या हाती क्रूस, उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला. मूर्तीचे मुख कोणत्याही एका देशाकडे नाही. ते सीमारेषेच्या दिशेने आहे. आपल्या चित्रात कोणाला मोठे, कोणाला पुढे, कोणाला पाठमोरे दाखवतो याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने हा बारकावा अवश्य ध्यानात घ्यावा.

मूर्ती उभी राहिली म्हणून भांडण कायमचे संपले, असे मात्र झाले नाही. दक्षिणेकडील बीगल खाडीतील पिक्टन, लेनॉक्स व नुएवा या बेटांवरून डिसेंबर १९७८ मध्ये हेच दोन देश पुन्हा युद्धाच्या तोंडाशी आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना प्रतिनिधी म्हणून पाठविले. ८ जानेवारी १९७९ रोजी माँतेव्हिदेओ येथे उभय पक्षांनी पोपमहोदयांची मध्यस्थी मागितली आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. दोन देशांमधील एका खिंडीला आज कार्डिनल सामोरे यांचे नाव आहे. पूर्वीचा तंटा न लपविता मैत्री रंगविणारे चित्र म्हणूनच अधिक खरे उतरते.

आपल्या देशापुरते पाहिले तर भारत व जपान यांचे उदाहरण मुलांना जवळचे वाटेल. युद्धकाळात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती उपासमारीने मारले गेले होते. युद्धानंतर तेथील मुलांनी भारताकडे हत्ती मागणारी पत्रे लिहिली आणि पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठविली. राजनैतिक संबंध तर १९५२ मध्ये प्रस्थापित झाले. हत्तीण आधी पोहोचली! एक हत्तीण आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारी मुले, एवढ्यात दोन ध्वजांपेक्षा कितीतरी अधिक सांगता येते.

धार्मिक चिन्हांविषयी एक सूचना. अँडीजवर क्रूस शोभतो, कारण तो त्या दोन समाजांचा समान वारसा आहे. ज्या मैत्रीच्या इतिहासात त्याला स्थान नाही, तेथे तो केवळ आपल्या श्रद्धेपोटी रेखाटू नये.

ध्वज काढायचाच असेल तर तो अचूक असावा. आपल्या तिरंग्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असून अशोकचक्राला २४ आरे असतात. ध्वजसंहितेनुसार ध्वजावर अक्षरे लिहिता येत नाहीत. तेव्हा ‘मैत्री’ हा शब्द ध्वजाच्या पट्ट्यात लिहिण्याचा मोह टाळावा. नकाशाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. परदेशी पुस्तकांतील भारताची सीमा पुष्कळदा वेगळी असते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. शक्यतो नकाशा टाळणेच बरे.

नियमपत्रक पालकांनी स्वतः वाचावे. वयोगट कोणत्या तारखेला मोजला जाणार, कागदाचा आकार कोणता, चित्र परत मिळणार का आणि ते छापण्याचा हक्क कोणाकडे जाणार, हे आधी पाहावे. संगणकाने तयार केलेली चित्रे चालतात की नाही, हेही आता विचारावे लागते. चालत असली तरी मुलाच्या हातचे चित्र पाठवावे, असे आम्हांस वाटते. मोठ्यांनी रेषा सुधारून देऊ नये. नाव व वय चित्राच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहावे, म्हणजे शाई पुढे उमटत नाही. शेवटची तारीख चित्र टपालात टाकण्याची आहे की पोहोचण्याची, याची खात्री करून घ्यावी.