सेवाही शिकावी लागते

समाजसेवा शिकावी लागते का, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही अनेकांना चमत्कारिक वाटतो. सुताराला सुतारकाम शिकावे लागते, वैद्याला वैद्यक शिकावे लागते, याबद्दल कुणाचे दुमत नसते. सेवेचा विषय निघाला की मात्र आपण म्हणतो, तिथे अंतःकरण हवे, शिक्षण कशाला? ज्याला दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही तो सेवा करतो, एवढे आपल्याला पुरेसे वाटते. महाराष्ट्राचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आणि त्या इतिहासातला एक फार बोलका धडा आपल्या सिंधुदुर्गात, कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात सापडतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १२ जून १९०५ या दिवशी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. गोखले मूळचे कोतळूकचे, म्हणजे कोकणातलेच. देशसेवेसाठी घरदार सोडून येणारे तरुण त्यांना हवे होतेच. पण आलेल्या तरुणाला लगेच व्यासपीठावर उभे करायला ते तयार नव्हते. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. वाचन, अभ्यास, देशभर प्रवास आणि ज्येष्ठांच्या हाताखाली काम, असा तो क्रम होता. फुरसतीच्या वेळात करायचे देशकार्य आणि आयुष्यभराचे देशकार्य यांत फरक आहे, आणि दुसऱ्यासाठी तयारी लागते, हे गोखल्यांनी ओळखले होते.

या संस्थेत पुढे एक गोष्ट घडत गेली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकेका सभासदाने एकेक क्षेत्र धरले आणि त्यातच आयुष्य घातले. ना. म. जोशी कामगारांकडे वळले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात ते देशभर ओळखले गेले. गो. कृ. देवधरांनी सहकार आणि स्त्रियांचे शिक्षण हे विषय घेतले. अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. नोकरी सोडून १९१४ मध्ये ते समाजाचे सभासद झाले, आणि आदिवासी व अस्पृश्य यांच्या कामात 'ठक्करबाप्पा' म्हणून सर्वांना परिचित झाले. अमुक विषयात पारंगत हो, असा हुकूम यांना कुणी दिलेला नव्हता. आपण सगळीकडे थोडे थोडे करत राहिलो तर कुठेच धड काही होणार नाही, हे त्यांना कळले होते.

दुसरा टप्पा १९३६ चा. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन गृहस्थ मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा तिथेच सुरू झाली. देशातली ती पहिली. तिलाच पुढे १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणू लागले. काम वाढले तशा अभ्यासाच्या शाखा फुटल्या : कुटुंब आणि बालकल्याण, कामगार कल्याण, गुन्हेगारांचे पुनर्वसन, रुग्णालयातील समाजकार्य. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. रोग्याला औषध मिळाले, पण घरी गेल्यावर ते घ्यायला पैसे नाहीत, काळजी घ्यायला माणूस नाही, मग त्या औषधाचा उपयोग काय, हा प्रश्न सोडवणे हेदेखील एक शास्त्र आहे, अशी ती कबुली होती.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. समाजकार्य करणाऱ्या साध्या कार्यकर्त्याला असे काहीच लागत नाही. कुणीही उद्यापासून काम सुरू करू शकतो, आणि ते तसेच असावे. पण याचा दुसरा अर्थ असा, की एखादा विषय खोलात जाऊन शिकण्याची सक्ती त्याच्यावर कुणीच करणार नाही. ती त्याने स्वतःवर घालून घ्यायची. विशेष अभ्यास इथे सर्वस्वी स्वेच्छेचा आहे.

आपल्या देशात मात्र दुसऱ्या एका प्रकारचे विशेषीकरण फार जुने होते, आणि ते सक्तीचे होते. त्याचे नाव जात. कुणी मेलेले ढोर ओढायचे, कुणी कातडे कमवायचे, कुणी डोक्यावरून मैला वाहायचा, हे जन्माआधीच ठरलेले असे. त्यातून सुटका नव्हती. आणि गंमत अशी की ज्याच्यावर ते लादले त्याला त्या कामाची कला येत असूनही तिची किंमत शून्य होती. हे सक्तीचे विशेषीकरण मोडायला एका माणसाने स्वेच्छेच्या विशेषीकरणाचे हत्यार वापरले. तो माणूस म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञानाचे अध्ययन, काही काळ प्राध्यापकी, मग गांधीजींचा सहवास. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. अशा माणसाने व्याख्याने द्यावीत, पुस्तके लिहावीत, आणि सगळ्यांनी त्यांना नमस्कार करावा, हे ठरल्यासारखेच होते. पण १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाच्या व्यवस्थेत सवर्ण कैद्याला ते काम देत नसत. बाहेर जशी जात होती तशी आतही होती. अप्पासाहेबांनी हट्ट सोडला नाही, निषेध म्हणून अन्न कमी केले. ही बातमी येरवड्याला गांधीजींना कळली तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांनीही सहानुभूतीचे उपोषण आरंभले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून एका विद्वान माणसाने केलेली ही धडपड जगाच्या इतिहासातसुद्धा वेगळी ठरावी.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. अप्पासाहेबांना 'कोकणचे गांधी' म्हणतात ते याच त्यागासाठी, असे आपण धरून चालतो. पण तुरुंगात झाडू मागणे हे झाले मनाचे धैर्य. त्याच्या पुढचे काम अधिक चिकाटीचे आणि कमी चमकदार होते.

१९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम उभा राहिला. या आश्रमाने दोन विषय हातात घेतले : मेलेल्या जनावराची विल्हेवाट आणि माणसाच्या मैल्याची विल्हेवाट. दोन्ही विषयांचे नाव काढले तरी माणसे नाकाला पदर लावत. अप्पासाहेबांनी मात्र त्यांच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहिले. जनावर मेल्यावर फार वेळ गेला तर कातडे कुजते, सुरी तिरकी लागली तर त्याला भोक पडते आणि किंमत उतरते, ताबडतोब मीठ लावले तर ते टिकते. ते कमवायला लागणारा हिरडा आणि ऐनाची साल तर आपल्या सह्याद्रीतच. हाडांचे खत होते, चरबीचाही उपयोग होतो. गाईला माता म्हणणारा समाज तिच्या मृतदेहाला हात लावत नाही आणि तिच्या कातड्याच्या चपला मात्र घालतो, हा दुटप्पीपणा केवळ भाषणाने जाणार नव्हता. ते काम स्वतः करून, नीट करून आणि त्यातून मिळकत करून दाखवावी लागणार होती.

मैल्याचेही तसेच. आपल्या भाषेत एक सुरेख शब्द आहे, सोनखत. मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकत गेले आणि काही महिने तो झाकून ठेवला, की त्याची दुर्गंधी जाते आणि काळेभोर, भुसभुशीत खत उरते. या तत्त्वावर गोपुरीत साध्या, स्वस्त संडासांचे प्रयोग झाले. 'गोपुरी संडास' हे नाव त्यातूनच रूढ झाले. यात खरी मेख कुठे आहे ते पाहा. ताजा मैला उचलावा लागतो तोवर तो उचलणारा माणूस लागतो, आणि तो माणूस कोण हे जात ठरवते. मैल्याचे खत झाल्यावर ते घरचा शेतकरी फावड्याने काढतो आणि माडाच्या मुळात टाकतो. संडासाची रचना बदलली की माणसाची रचना बदलायला सुरुवात होते.

या ठिकाणी एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ पासून महाडच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मानहानीची कामे टाकून द्या, असे सांगितले. भंगीकाम हे थोर काम आहे असा गौरव करून ते करणाऱ्याला त्यातच ठेवण्याचा धोका त्यांनी परखडपणे दाखवून दिला. हा आक्षेप खोटा नव्हता. प्राध्यापक हातात झाडू घेतो तेव्हा त्याला तो खाली ठेवण्याचीही मोकळीक असते. ज्याच्या बापजाद्यांच्या हाती तो दिला गेला त्याला ती नसते. मला वाटते, गोपुरीच्या प्रयोगाची किंमत याच कसोटीवर ठरवावी. जे काम कुणाच्या तरी माथी मारलेले आहे, त्याचा नुसता गौरव केला तर आक्षेप लागू पडतो. ते काम पुरते शिकून, ते करण्याची गरजच उरू नये अशी तजवीज केली, तर आक्षेपाला उत्तर मिळते. अप्पासाहेबांचा त्याग पहिल्या प्रकारचा ठरला असता. त्यांच्या अभ्यासाने तो दुसऱ्या प्रकारचा झाला.

खऱ्या तज्ज्ञतेची आणखी एक खूण आहे. ती एका माणसाबरोबर संपत नाही. अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले. पण पुण्याजवळ देहूला डॉ. सुहास मापुसकर नावाचे एक तरुण डॉक्टर १९५९ पासून सरकारी आरोग्य केंद्रात काम करत होते. रोगी बरा व्हायचा आणि पुन्हा त्याच पोटाच्या विकाराने परत यायचा. गाव उघड्यावर बसत होते, हे त्याचे कारण. त्यांनी पहिल्यांदा बांधून घेतलेले संडास पावसाळ्यात ढासळले. डॉक्टरांनी तिथे हात टेकले नाहीत. माती, पाणी, खड्डा, बांधकाम या विषयांचा त्यांनी नव्याने अभ्यास केला. वैद्यकाची पदवी असलेला माणूस संडासांचा तज्ज्ञ झाला, तोही स्वखुशीने. मैल्यापासून जळणाचा गॅस करण्याच्या 'मलप्रभा' संयंत्राचे काम त्यांनी अप्पासाहेबांच्या कल्पनेचा धागा पकडून पुढे नेले. देहूत घरोघरी संडास व्हायला चार दशकांहून अधिक काळ लागला. तिथे त्यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेचे नाव 'अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन' असे आहे. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेची जी पाहणी केली, तीत सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्गाचा पहिला क्रमांक आला. त्याचे श्रेय हजारो हातांचे आहे. पण त्या कौतुकाच्या दिवशी गोपुरीची आठवण किती जणांना झाली असेल?

आठवण काढायची ती केवळ पूजा करण्यासाठी नव्हे. काम बदलले आहे, संपलेले नाही. कणकवलीच्या जांभ्या दगडात चालणारा खड्डा मालवणच्या पुळणीत चालत नाही. देवबागसारखी वस्ती एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेली. तिथे वाळू, हातभर खाली पाणी, आणि पर्यटनामुळे वाढलेल्या खोल्या. संडासाची टाकी आणि पिण्याची विहीर यांत किती अंतर हवे, टाकी भरल्यावर गाळ कुठे जातो, हे कुणीतरी शिकून सांगायला नको का? हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी आहे. तरी शहरांत गटारात उतरून माणसे गुदमरून मरतात. संडास बांधून मोकळे झाले आणि पुढचा विचार केला नाही, की जुनाच प्रश्न नव्या झाकणाखाली राहतो.

हेच इतर कामांना लागू आहे. रापणीने मासेमारी करणारे आणि पर्ससीनवाले यांचा वाद किनाऱ्याला नवा नाही. त्यात पारंपरिक मच्छीमारांची बाजू घ्यायची तर कळकळ हवीच, पण जाळ्याचा आस किती, माशाचा विणीचा काळ कोणता, १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा काय म्हणतो, हेही यायला हवे. मुलगे मुंबईला, आणि गावच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, ही कोकणातली घरोघरची कहाणी. त्यांच्याकडे जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता चांगला. विसराळूपणा कुठे संपतो आणि स्मृतिभ्रंश कुठे सुरू होतो हे ओळखायला शिकलेला कार्यकर्ता त्याहून उपयोगी.

यासाठी सगळ्यांनीच पदव्या घेतल्या पाहिजेत असे नाही. अप्पासाहेबांना संडास बांधण्याची पदवी कुणी दिली नव्हती. त्यांनी एक विषय निवडला, त्याची लाज बाळगली नाही, हातांनी काम केले, चुकले ते बदलले, जमले ते लिहून ठेवले आणि दुसऱ्याला दिले. व्यावसायिक विकास हा शब्द आज प्रशिक्षणांच्या पत्रिकांवर छापलेला असतो. त्यात याहून वेगळे काही सांगितलेले असेल असे वाटत नाही. आपल्या गावात, मंडळात, संस्थेत जे कुणी सेवेला निघाले आहेत त्यांना एवढेच विचारावे : तुमचा विषय कोणता, आणि या वर्षी त्यात तुम्ही नवे काय शिकलात?