किरमिजी

शालूच्या पदराची तारीफ करताना आपण ‘किरमिजी’ हा शब्द सहज वापरतो. त्याच्या पोटात एक किडा बसला आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. फारशीत ‘किर्म’ म्हणजे किडा. आपल्या ‘कृमी’चा तो सख्खा भाऊ. त्यावरून अरबी ‘किर्मिझ’ झाला. तोच एका वाटेने मराठीत किरमिजी झाला, दुसऱ्या वाटेने इंग्रजीत क्रिम्सन.

भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओकवर हा किडा चिकटून बसतो. त्याची मादी फांदीवरच फुगून वाटाण्याएवढी होते. ग्रीकांना ते फळ वाटले, म्हणून त्यांनी नाव दिले ‘कोक्कोस’, म्हणजे दाणा. ग्रीक पंडितांना दाणा दिसला, फारशीला किडा. गिरणीच्या रंगखात्यातले हात मी जवळून पाहिले आहेत. हे फारशी नाव तोडणाराच्या बोटांनीच ठेवले असावे, असे मला वाटते. पोलंडमध्ये याचाच एक जातभाई जूनच्या अखेरीस एका रानरोपाच्या मुळाशी खणून काढीत. पोलिश भाषेत त्या किड्याला ‘चेर्व्हिएत्स’ म्हणतात आणि जून महिन्यालाही तेच नाव आहे!

1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला आणि निवडुंगावर पोसलेला तिथला किडा युरोपच्या बाजारात आला. हा कोचिनील. त्याचा रंग किर्मिझहून कितीतरी कसदार. पण एक पौंड रंगमाल व्हायला सुमारे 70,000 वाळलेले किडे लागत. ते निवडुंगावरून हलक्या हाताने झाडून घ्यायचे काम ओआहाकाच्या मूळ रहिवाशांकडे, आणि नफा स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे.

इंग्रज फौजेच्या लाल डगल्यातही हाच हिशेब दिसतो. अधिकाऱ्याचा डगला कोचिनीलचा, झळझळीत. साध्या शिपायाचा मंजिष्ठेच्या मुळीचा, मंद. लांबून पलटण एकरंगी दिसे. जवळ गेल्यावर पगार कळे.

1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. काही वर्षांतच फ्रान्समधली मंजिष्ठेची शेती मोडली. किड्याचा रंग मात्र पुरता मेला नाही. ओठांच्या लालीत आणि काही परदेशी मिठायांत तो आजही असतो. वेष्टणावर ‘ई 120’ असे लिहिलेले आढळते. शाकाहारी मंडळींनी ते जरूर वाचावे. हा माल आज मुख्यतः पेरू देशातून येतो, आणि तिथेही तो निवडुंगावरून हातानेच झाडून घ्यावा लागतो.