क्रूझर मोटारसायकलची बैठक
क्रूझर मोटारसायकलची बैठक : सीट, हँडल आणि फूटरेस्ट यांच्यातील अंतरांवरून ठरणारी चालकाच्या शरीराची ठेवण. क्रूझरची सीट खाली, फूटरेस्ट पुढे आणि हँडल चालकाकडे ओढलेले असते. हार्ली-डेव्हिडसन व इंडियन या अमेरिकन कंपन्यांच्या १९३० च्या दशकापासूनच्या गाड्यांत या घडणीचे मूळ आहे. भारतात पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकी एलिमिनेटर आणि २००५ मध्ये तिच्यावर बेतलेली अ‍ॅव्हेंजर आणून हा प्रकार आवाक्यात आणला.

सीटची उंची : होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिमी., कावासाकी व्हल्कन एसची ७०५, अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० ची ७३७, रॉयल एनफील्ड सुपर मीटिऑर ६५० ची ७४०, तर मीटिऑर ३५० ची ७६५ मिमी. उंचीवर आहे. मात्र एवढ्यावरून पाय टेकतील की नाही हे कळत नाही. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तितका आखूड पडतो. उलट चालकाच्या वजनाने शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबून सीट खाली येते. त्यामुळे तुलनेत चालकाच्या एकूण उंचीपेक्षा पायांची आतील लांबी महत्त्वाची ठरते.

पाय : फूटरेस्ट बरेच पुढे असले की गुडघे मोकळे राहतात, पण पायांवर भार घेता येत नाही. खड्डा आला तरी चालकाला सीटवरून उठता येत नाही आणि दणका थेट माकडहाडाला व कमरेच्या मणक्यांना बसतो. मागच्या सस्पेन्शनची चाल कमी असल्यास त्रास वाढतो. फूटरेस्ट मध्यावर असलेल्या रेबेलसारख्या गाडीवर हा भार वाटला जातो. उंच चालकाचे गुडघे मात्र जास्त दुमडतात. व्हल्कन एसचे फूटरेस्ट मधल्या जागेपासून २५ मिमी. पुढे वा मागे बसवता येतात.

हात आणि वारा : हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर बाहेरच्या हाताचे कोपर ताठ होत असेल किंवा खांदा पुढे ओढला जात असेल, तर हँडल लांब पडते. ताठ बसलेल्या चालकाच्या छातीवर वेगात वारा आदळतो आणि हँडल आवळून धरल्याने मान व मनगटे दुखतात. विंडशील्डने छाती वाचते. तिची वरची कड हेल्मेटच्या पातळीत आली तर मात्र डोक्याभोवती वारा घुमतो.

मर्यादा : मऊ गादी शोरूममध्ये सुखाची वाटते, पण लांबच्या प्रवासात दबून टणक लागू शकते. मागची सीट बहुधा अरुंद असल्याने सहप्रवाशाला पाठटेकू लागतो. बुटक्या बांधणीमुळे घाटातील वळणावर गाडी थोडी कलताच फूटरेस्ट रस्त्याला घासू शकतो. शहरात सिग्नलला सोयीची वाटणारी बैठक घाटात अडचणीची ठरते ती यामुळेच.