सहासष्ट क्रमांकाचा रस्ता



माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. मध्यंतरी तो सुट्टीवर आला तेव्हा मला भेटायला घरी आला, आणि बोलता बोलता त्याने आपल्या एका प्रवासाची हकीकत सांगितली. शिकागो शहरापासून पॅसिफिक महासागराच्या काठावरील सांता मोनिका या गावापर्यंत तो मोटारसायकलवरून गेला होता. एकटा नव्हे, पंधरा-वीस जणांचा जथा होता. सर्वांत पुढे वाटाड्या. सर्वांत मागे दुसरा एक जाणता माणूस, कोणी मागे राहू नये म्हणून. मधले सगळे दोन रांगांत, पण अगदी खांद्याला खांदा लावून नव्हेत. एक डावीकडे, तर त्याच्या मागचा उजवीकडे. म्हणजे पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबला तरी मागच्याला जागा राहते. रस्त्यात खड्डा आला की पुढचा हाताने किंवा पायाने खूण करतो, आणि ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे अशी शेवटच्या माणसापर्यंत पोचते. सामानाची गाडी वेगळी. दिवसाकाठी अडीचशे-तीनशे किलोमीटर जायचे, वाटेत आठ-दहा ठिकाणी उतरायचे, आणि रात्री एखाद्या जुन्या मोटेलात मुक्काम करायचा.

एवढे सांगून तो म्हणाला, "सर, नव्या महामार्गाने मोटारीतून गेलं तर हे अंतर तीन-चार दिवसांत कापता येतं. आम्ही पंधरा दिवस लावले, आणि वर त्यासाठी पैसे मोजले! घरचे म्हणतात, हे वेड आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटले, "अरे, वेड की शहाणपण ते मागाहून ठरवू. आधी तुम्ही कुठं कुठं थांबलात ते सांग बघू."

मी असे का विचारले? रस्त्याची लांबी-रुंदी इंजिनियरच्या कागदावर सापडते. त्याचा इतिहास मात्र थांब्यांवर सापडतो. त्या रस्त्यावर कोण थांबले, कोणाला थांबू दिले नाही, आणि एके दिवशी तेथे कोणीच का थांबेनासे झाले, हे पाहिले म्हणजे रस्ता कळतो. आज या सहासष्ट क्रमांकाच्या रस्त्याकडे आपण याच दृष्टीने पाहू.

या रस्त्याचा जन्म ११ नोव्हेंबर १९२६ चा. त्या दिवशी अमेरिकेतील राष्ट्रीय रस्त्यांना क्रमांक देण्याची योजना मंजूर झाली. त्यापूर्वी रस्त्यांना नावे असत, आणि एकाच रस्त्याला चार मंडळ्या चार नावे देत. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरचे सायरस एव्हरी नावाचे गृहस्थ या योजनेच्या कामात होते. पश्चिमेकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग त्यांच्या राज्याच्या पुष्कळ वरून जात असे. एव्हरींनी आग्रह धरून नवा रस्ता खाली वळवला आणि आपल्या गावावरून नेला. त्यांना त्यासाठी ६० हा क्रमांक हवा होता. पण केंटकी राज्याच्या गव्हर्नरांनी त्यावर हक्क सांगितला. बरीच तारातारी झाली, आणि अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिसुरीतील स्प्रिंगफील्ड गावाहून तार गेली की, शिल्लक असलेला ६६ आम्हाला चालेल. ज्या आकड्याचे पुढे एवढे कौतुक झाले, तो असा उरलेला आकडा होता, बरं का!

शिकागोपासून निघून इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया अशा आठ राज्यांतून हा रस्ता जाई. लांबी २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर. तो सरळ रेघेत नव्हता. तिरपा उतरत, लहानलहान गावांच्या मुख्य पेठेतूनच तो जाई. त्यामुळे शेतकऱ्याला धान्य ट्रकने बाजाराला नेता येऊ लागले, आणि गावोगाव पेट्रोलपंप, खानावळी व मुक्कामाच्या खोल्या उभ्या राहिल्या. पण सुरुवातीला त्याचा बराचसा भाग मातीचा नाहीतर खडीचा होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत पक्का व्हायला १९३८ साल उजाडले.

या कच्च्या रस्त्यावरच १९२८ साली एक विलक्षण शर्यत झाली. लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत पायी धावण्याची! शिकागोपर्यंतची वाट हीच. १९९ जण निघाले, ५५ जण पोचले. ८४ दिवसांनी पहिला आला तो अँडी पेन, ओक्लाहोमातील फॉयल या रस्त्यावरच्याच खेड्यातला, चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचा वीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोर. बक्षीस होते २५,००० डॉलर. त्या पैशातून त्याने पहिली गोष्ट कोणती केली? बापाच्या शेतावरचे गहाण सोडवले. शेतकऱ्याचे मन सगळीकडे सारखेच, नाही का?

पण सगळ्यांचेच गहाण सुटले नाही. १९३० नंतर अमेरिकेच्या मधल्या मैदानांत पाऊस हटला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चढा भाव मिळाला म्हणून लाखो एकर गवताळ जमीन नांगरली गेली होती. गवताची मुळे गेली, त्यामुळे माती धरून ठेवणारे काही उरले नाही. वारा सुटला की काळे ढग उठत, पण ते पाण्याचे नव्हेत, धुळीचे. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी असे वादळ आले की भर दिवसा अंधार झाला. दुसरीकडे कापसाच्या मुलखात भाव कोसळले. पेरा कमी करण्यासाठी सरकारने १९३३ पासून पैसे दिले. ते बहुतेक जमीनमालकांच्या हाती पडले, मालकांनी कुळे काढली आणि ट्रॅक्टर आणले. नांगराने एकांची माती नेली, कागदाने दुसऱ्यांची जमीन नेली. गाद्या, भांडी आणि मुलेबाळे जुन्या मोटारीवर लादून दोन लाखांहून अधिक माणसे कॅलिफोर्नियाकडे निघाली, आणि त्यांतील फार मोठा लोंढा याच रस्त्याने गेला. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ साली आपल्या कादंबरीत या रस्त्याला आईची उपमा दिली ती यामुळे.

या आईच्या दारात लेकरांचे स्वागत कसे झाले तेही ऐका. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सरहद्दीवर नेऊन उभे केले. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला परत फिरवायचे! स्वतःच्याच देशाचा नागरिक, पण गरीब म्हणून वेशीबाहेर. पुढे एका माणसावर खटला भरला गेला. गुन्हा काय, तर टेक्सासमधल्या आपल्या बेकार मेहुण्याला त्याने मोटारीत बसवून कॅलिफोर्नियात आणले. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९४१ साली न्यायालयाने निकाल दिला की, माणूस निर्धन आहे एवढ्यावरून त्याला राज्याच्या सीमेवर अडवता येणार नाही. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा निकाल वर्गात जरूर सांगावा. संचाराचे स्वातंत्र्य म्हणजे काय, ते मुलांना त्या मेहुण्याच्या गोष्टीवरून चटकन कळेल.

महायुद्ध संपले, मोटारी वाढल्या, आणि या रस्त्याचे सुगीचे दिवस आले. १९४६ साली त्याच्यावर एक गाणे निघाले आणि घरोघर पोचले. ते गायले होते नॅट किंग कोल यांनी. हे कोल काळ्या वर्णाचे होते. ज्या रस्त्याने जाण्याचे आमंत्रण ते साऱ्या देशाला देत होते, त्या रस्त्यावरच्या अनेक मोटेलांत त्यांना स्वतःला रात्रीपुरती खाटही मिळाली नसती! कित्येक गावांच्या वेशीवर, सूर्य मावळण्यापूर्वी काळ्या माणसाने निघून जावे, अशी पाटी असे. म्हणून व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला जेवण कोठे मिळेल, पेट्रोल कोठे, निजायला जागा कोठे, याची ती यादी. वर्णभेदाला बंदी करणारा कायदा १९६४ साली झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुस्तिका बंद पडली. आपल्या धंद्याची अशी गरजच न उरावी, असे ग्रीन यांना मनापासून वाटत असे.

ओक्लाहोमातील लूथर गावाजवळ थ्रेट नावाच्या काळ्या कुटुंबाचा या रस्त्यावर पेट्रोलपंप होता. स्वतःच्या जमिनीवर, तिथल्याच दगडांत बांधलेला. दमलेल्या काळ्या प्रवाशाला तेथे निर्धास्तपणे उतरता येई. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "तिथं थांबलात का रे?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही सर. टेक्सासात जमिनीत नाकं खुपसून उभ्या केलेल्या दहा कॅडिलॅक मोटारी आहेत, तिथं तासभर होतो. लूथरवरून मात्र गेलो असू, पण कोणी खूणसुद्धा केली नाही."

वाटाड्याने दाखवले तेवढेच दिसते, श्रोतेहो. इतिहासाचेही तसेच आहे.

आता रस्त्याच्या उतरत्या दिवसांकडे येऊ. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचे, रुंद, गावे टाळून जाणारे मार्ग बांधायचे ठरले. सहासष्टच्या अंगाला लागून एकेक तुकडा तयार होत गेला, आणि एकेक गाव बाजूला पडत गेले. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. जुना रस्ता अरुंद होता, अपघात फार होत; वेग हवा होता आणि सुरक्षितताही हवी होती. पण गावांचे काय झाले? ज्यांच्या गावाला बायपास झाला आहे, त्यांना ते वेगळे सांगायला नको. ॲरिझोनातील सेलिगमन या छोट्या गावावर ही पाळी २२ सप्टेंबर १९७८ रोजी आली. सकाळपर्यंत मोटारींची रीघ होती. नवा मार्ग खुला झाला आणि पेठ सुनी पडली. जून १९८५ मध्ये तर ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. पाट्या उतरल्या. रस्ता कागदावरून गेला.

सेलिगमनमध्ये एंजल डेलगाडिलो नावाचे न्हावी होते. मेक्सिकन वंशाचे, १९२७ साली त्याच रस्त्याकाठी जन्मलेले. धुळीच्या काळात गाद्या लादून जाणाऱ्या मोटारी त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. त्यांनी फेब्रुवारी १९८७ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांना जमवले, संघटना केली, आणि राज्य सरकारला पत्रांवर पत्रे धाडली. मागणी साधी होती: रस्ता परत नको, त्याचे नाव तरी परत द्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेलिगमन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक रस्ता म्हणून जाहीर झाला. मग इतर राज्यांतही तशा संघटना निघाल्या. १९९९ साली देशाच्या संसदेने जतनाचा कायदा केला. एका न्हाव्याच्या दुकानात सुरू झालेली ही गोष्ट!

याच काळात रस्त्याकाठची जुनी मोटेले स्वस्तात विकायला निघाली होती. ती घेणाऱ्यांत आपले गुजराती बंधू पुष्कळ होते, त्यांपैकी काही आफ्रिकेतून परागंदा झालेले. घरातल्या सगळ्यांनी राबायचे, राहायचेही तेथेच, आणि धंदा उभा करायचा. त्यांनाही विरोध झाला. आपले मोटेल अमेरिकन मालकीचे आहे, अशा पाट्या शेजारचे धंदेवाले मुद्दाम लावीत. अर्थ ज्याला समजायचा त्याला समजे. तरी ते टिकले. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचे, काँक्रीटच्या शंकूसारख्या खोल्यांचे प्रसिद्ध विगवॅम मोटेल मोडकळीला आले होते. ते २००३ साली एका गुजराती कुटुंबानेच घेतले आणि नीटनेटके केले. माझा विद्यार्थी म्हणाला, "वाटेत एका मोटेलच्या मालकीणबाईंनी मी कुठला ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न मागता आल्याचा चहा आणून दिला."

तेव्हा, हे मोटारसायकलवाले वेडे की शहाणे? मला विचाराल तर, ते पैसे देतात ते थांबण्यासाठी. मोटारसायकलवर पाऊस लागतो, ऊन लागते, दर शे-दीडशे किलोमीटरला पाठ दुखू लागते. म्हणून उतरावे लागते, चहा-कॉफी घ्यावी लागते, दोन शब्द बोलावे लागतात. त्या दोन शब्दांवर आणि त्या कॉफीवर आज कित्येक लहान गावे तग धरून आहेत. मात्र वाटाड्याने केवळ गमतीची स्थळे दाखवली, तर प्रवास निम्माच होतो. सरहद्दीवर परत फिरवलेला कूळ-शेतकरी आणि पाटी वाचून अंधाराआधी गाव सोडणारा प्रवासी, हेही याच रस्त्याचे धनी आहेत.

११ नोव्हेंबर २०२६ हा या रस्त्याचा शंभरावा वाढदिवस. जाताना माझा विद्यार्थी दारात म्हणाला, "सर, पुन्हा गेलो तर लूथरला उतरेन." त्या कुटुंबाच्या पुढच्या पिढीने तो दगडी पंप जतन करायचे काम हाती घेतले आहे. म्हणजे उतरल्यावर बोलायला माणूसही भेटेल.

आणि गुरुजींना एक विनंती. आपल्या शाळेवरून जाणाऱ्या रस्त्याची माहिती मुलांना गोळा करायला सांगा. तो किती किलोमीटरचा आहे हे तर लिहावेच. पण त्यावर पूर्वी कोण कोठे थांबत असे, कोणाला पाणीसुद्धा मिळत नसे, आणि आता कोणी थांबते का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. उत्तरे नेहमीच गोड येतील असे नाही. पण तो तुमच्या गावचा इतिहास असेल.