हुबळीची शांता, प्रभातची मैना

चवथीच्या दिवसांत आमच्या बाजारकुणंगच्या मांडवात ‘कशाला उद्याची बात’ वाजले नाही असे वर्ष आम्हाला आठवत नाही. पूर्वी तबकडी होती, मग कॅसेट आली, आता कोणाच्या तरी मोबाइलमधून ते लागते. आरती झाली, प्रसाद वाटला, पुरुष मंडळी पत्त्यांना बसली की हे गाणे सुरू होते आणि म्हातारी माणसे मान डोलवतात. गेल्या वर्षी आम्ही मांडवातल्या पोरांना सहज विचारले, हे गाणे कोणी म्हटले आहे? एकाने लताबाईंचे नाव घेतले, दुसऱ्याने आशाबाईंचे. तिसरा म्हणाला, “कोणी तरी पुण्याची असणार.”

ती पुण्याची नव्हती. ती हुबळीजवळची. दांडेली, हल्याळ, धारवाड करीत आपण ज्या हुबळीला दुखण्याखुपण्याला, लग्नाच्या बस्त्याला जातो, तिथली. तिच्या आडनावातच हुबळी आहे, तरीही आम्हाला हे ठाऊक नसावे याची लाज वाटली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा लेख.

आधी थोडे आपल्याच जिल्ह्याविषयी. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगताना सांगलीच्या विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ आणि १८४३ साल सांगितले जाते. पण भाव्यांना हे सुचले कसे? होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी खेळ करीत सांगलीला गेली होती. तो खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसेच काहीतरी मराठीत करायला सांगितले. म्हणजे मराठी नाटकाचे बियाणे उत्तर कानड्यातून गेले, आणि तेही कानडी बोलणाऱ्या मंडळींच्या हातून. पुढे ‘शाकुंतल’ लिहून संगीत नाटक घडविणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. त्या काळी कानडी आणि मराठी या दोन भाषांच्या मध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. नाटक कंपनीची बैलगाडी दोन्ही गावांत थांबे.

या सगळ्या खेळांत बाई मात्र नव्हती. सीता पुरुष, शकुंतला पुरुष. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी एकही बाई मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई गोखले उभ्या राहिल्या. तरी घरंदाज बाईने तोंडाला रंग लावू नये ही समजूत पुढे वीस वर्षे टिकली. १९३२ साली दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या तेव्हा ती समजूत जराशी हलली. जराशीच.

अशा काळात हुबळीजवळच्या अदरगुंची या खेड्यात १९१४ साली एक मुलगी जन्मली. नाव राजम्मा. घरची भाषा कानडी. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले. गळा चांगला होता आणि पोटाचा प्रश्न होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या काळी मुलीपुढे एकच वाट उरे, आणि ती नाटक कंपनीच्या तंबूत जाई. राजम्मा त्या वाटेने गेली. कानडी नाटकांतून ती कोल्हापूरला, सिनेमाच्या गावी पोचली, लहानसहान भूमिका केल्या आणि शांता हुबळीकर झाली. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करण्याची जी रीत आहे, तिने या कानडी मुलीला मराठीत सामावून घेतले. एवढे मात्र खरे की नाव घेतले म्हणजे माणसाला घरात घेतले असे होत नाही. ते पुढे येईलच.

‘प्रभात’ची स्थापना १९२९ ची, कोल्हापूरची. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. तिथे शांताबाईंना पहिले मोठे काम मिळाले ते १९३८ च्या ‘माझा मुलगा’ या चित्रपटात, के. नारायण काळे यांच्या दिग्दर्शनाखाली. आणि १९३९ साली व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ आला. हिंदीत त्याचे नाव ‘आदमी’.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई. धाड पडते त्या रात्री मैना नावाची वेश्या त्याच्या नजरेस येते आणि तो तिला पकडून देत नाही. तिथून दोघांचे नाते सुरू होते. गणपतला तिला त्या वस्तीतून बाहेर काढायचे आहे, आईपुढे न्यायचे आहे. तो नेतोही. पण त्या सोवळ्या घरात, देवाच्या समोर, मैनेचा जीव गुदमरतो. तिला कोणी हाकलत नाही. ती स्वतःच निघून जाते. आमच्या मते सगळ्या चित्रपटातला हा सर्वांत कठीण भाग आहे आणि शांताबाईंनी तो फारसे काही न बोलता केला आहे. शेवटी मैना तिच्या जिवावर उठलेल्या नातेवाइकाला मारते आणि तुरुंगात जाते. गणपत तिला सोडवू पाहतो, ती नकार देते. नायक मात्र मरत नाही, दारूत बुडून संपत नाही. ‘देवदास’चे वेड देशभर पसरले होते, त्याला शांतारामांचे हे उत्तर होते.

गणपतच्या भूमिकेत शाहू मोडक. चहावाल्या पोऱ्याचे काम राम मराठ्यांनी केले, जे पुढे पंडित राम मराठे म्हणून गायले. संगीत मास्टर कृष्णरावांचे, गाणी अनंत काणेकरांची. मांडवात वाजते ते गाणे याच चित्रपटातले. मैनेच्या खोलीत निरनिराळ्या प्रांतांची गिऱ्हाइके बसली आहेत आणि ती एकेकाला त्याच्या भाषेत तेच सांगते. मराठीपासून सुरुवात करून एकामागून एक भाषा बदलत जाते. हसत, डोळे मिचकावत, नाचत. पण ते हसणे विकलेले आहे हे कळते. गिऱ्हाइकाची भाषा बोलणे हा तिचा धंदा आहे. आता विचार करा, हे गाणारी बाई स्वतः कानडी होती आणि पोटासाठी मराठी शिकली होती. हा योगायोग शांतारामांच्या मनात होता की नाही, कोण जाणे. आम्हाला तो ऐकताना दर वेळी जाणवतो.

सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट इथे आठवते. ‘माणूस’च्या पाच वर्षे आधी, १९३४ साली, चीनमधल्या शांघायला ‘शेन्नू’ नावाचा मूकपट निघाला. चिनी भाषेत या शब्दाचा एक अर्थ देवी आणि दुसरा आडून बोलायचा अर्थ वेश्या. नायिका रात्री रस्त्यावर उभी राहते आणि त्या पैशांतून मुलाला शाळेत घालते. इतर मुलांच्या आईबापांना ते कळते आणि शाळा मुलाला काढून टाकते. तिच्याही कथेचा शेवट एका नराधमाच्या खुनात आणि तुरुंगात होतो. ती भूमिका करणारी रुआन लिंगयू मोलकरणीची मुलगी. पुढच्याच वर्षी तिच्या खासगी आयुष्याचे धिंडवडे वर्तमानपत्रांनी काढले आणि ८ मार्च १९३५ रोजी तिने वयाच्या २४ व्या वर्षी जीव दिला. अंत्ययात्रेला शांघायचे रस्ते माणसांनी भरून गेले. थोर लेखक लू शुन यांनी नंतर लोकांच्या जिभेवर एक कडक लेख लिहिला. पडद्यावरच्या पतितेसाठी रडणारे आणि नटीच्या घराच्या फटीतून आत बघणारे लोक वेगळे नव्हते. पुण्यामुंबईत तरी ते वेगळे होते का?

१९३९ हे एकच साल घ्या. त्या साली प्रभातच्या फाटकासमोर शांता आपटे उपोषणाला बसल्या. होय, ‘कुंकू’तली नीरा, जिने पडद्यावर म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार नाकारला, तीच. कंपनीशी कराराचा तंटा होता. एका बाईने स्टुडिओच्या दारात बसून आपला हक्क मागणे ही तेव्हा बातमी झाली. पुढे त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून मुलींना या धंद्याची आतली बाजू दाखविली. एक शांता फाटकाबाहेर गेली, त्याच साली दुसरी शांता पडद्यावर मैना होऊन आली.

आणि त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’मधून लीला चिटणीस देशभर पोचल्या. त्याही आपल्याच बाजूच्या. जन्म धारवाडचा, १९०९ चा. वडील प्राध्यापक, मुलगी पदवीधर. हुबळी आणि धारवाड यांत अंतर किती, तर एस.टी.त एक डुलकी लागेल एवढे. पण एकीला अनाथपणाने रंगमंचावर ढकलले आणि दुसरी शिकून सवरून तिथे गेली. ‘माणूस’मध्ये बॉम्बे टॉकीजच्या गुळगुळीत प्रेमगीतांची एक झकास टवाळी आहे, म्हणजे हुबळीची बाई ज्या चित्रपटात होती त्याने धारवाडच्या बाईच्या कंपनीची फिरकी घेतली! लीलाबाई पुढे लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, १९४१ साली. तोपर्यंत हा मान परदेशी नट्यांचा होता. नंतर ‘शहीद’, ‘आवारा’, ‘गंगा जमना’ यांतली ती खोकणारी, शिवणारी, वाट पाहणारी आई.

शांताबाईंच्या वाट्याला असे दुसरे पर्व आले नाही. १९४२ साली ‘जीवन नाटक’ या कानडी चित्रपटात त्या दिसल्या, गुब्बी वीरण्णांबरोबर. आपल्या भाषेत परत गेल्या म्हणा. आणखी काही चित्रपट केले, संसार केला, कामे विरळ होत गेली. ‘माणूस’सारखी भूमिका पुन्हा मिळाली नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला धारवाड, बेळगाव आणि आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मराठी लेखांत शांताबाई मराठी नटी राहिल्या, कानडी लेखांत कानडी. दोन्हीकडे नाव होते, चरितार्थाची सोय कुठेच नव्हती. म्हातारपणी त्यांना काही काळ वृद्धाश्रमात काढावा लागला. देशाला उद्याची काळजी करू नका असे गाऊन सांगणाऱ्या बाईचा उद्या असा उगवला. १९९० साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ‘कशाला उद्याची बात’. हे नाव ठेवायला केवढी हिंमत लागली असेल! १७ जुलै १९९२ रोजी त्या गेल्या. लीलाबाईंनीही ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिले. त्या अकरा वर्षांनी, त्याच जुलै महिन्यात, अमेरिकेतल्या डॅनबरी गावच्या शुश्रूषागृहात वारल्या.

आता हे सारे जुने म्हणून सोडून दिले असते. पण लिहिताना आमच्याच मांडवातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिली.

आमच्या गावी नाटकांची हौस जुनी. पूर्वी गावातलेच गडी लुगडे नेसत. मग ‘लेडीज पात्र’ बाहेरून आणायची पद्धत पडली. सीनसिनरी, पेटी-तबला आणि दोन बाया, असा सगळा हिशेब एकाच कागदावर असे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सामाजिक नाटकासाठी हुबळीकडून एक बाई आल्या होत्या. नाटकात त्या तमासगिरिणीचे काम करीत होत्या, जी शेवटी पाटलाच्या मुलाला वाचवून स्वतः मरते. ते दृश्य असे रंगले की बायका पदराने डोळे पुसत होत्या, वन्समोअर झाला, कोणी पाच तर कोणी दहा रुपयांचे बक्षीस पुकारले. पहाटे नाटक संपले. बाईंना शाळेच्या खोलीत उतरविले होते. सकाळी पाऊस कोसळत होता, बस यायला तीन तास. तेवढ्या वेळात गावातल्या एकाही घराने त्यांना आत बोलावले नाही. आम्हीही नाही. चहा पाठविला, तोही वेगळ्या कपातून. त्यांनी कप स्वतः विसळला, उंबऱ्यावर पालथा ठेवला आणि छत्री उघडून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी निरोप पाठविला तेव्हा त्यांनी तारीख मोकळी नसल्याचे कळविले.

गणपतच्या आईने तरी मैनेला घरात येऊ दिले होते.

यंदा मंडळाचे नाटक पाचव्या रात्री आहे. स्त्री भूमिका दोन. एक आपल्याच गावची, कॉलेजात शिकणारी मुलगी करणार आहे. तिच्या आईवडिलांनी पंधरा दिवस विचार करून होकार दिला. दुसऱ्या भूमिकेसाठी बाहेरून येणाऱ्या ताईंची उतरण्याची सोय शाळेत नाही, मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी केली आहे. सकाळची न्याहारी आणि चवथीचे नेवऱ्या-मोदक सगळ्यांच्या पंक्तीत. बसचे वेळापत्रक ठाऊक आहेच, पाऊसही असेल. आरतीनंतर नेहमीचे गाणे लागेल. त्याआधी ते कोणी म्हटले हे ध्वनिक्षेपकावरून सांगायचे काम आम्ही त्या तिसऱ्या पोरावर सोपविले आहे. अदरगुंची हा शब्द तो सध्या पाठ करतो आहे.