शाई मुखाशी आणणे

लेखणी कागदाला टेकण्यापूर्वी शाई तिच्या मुखाशी आणून ठेवावी लागते, आणि लेखनविद्येच्या इतिहासात या पूर्वतयारीची नोंद क्वचितच झालेली आढळते. कारण जे लिहिले गेले ते दप्तरात रुमालबंद होऊन राहिले, परंतु ज्याने शाई खलली, बोरू तासला आणि दौत भरून ठेवली त्याचे श्रम अक्षर वाळताच विसरले गेले. नाशिकात मात्र या विसरलेल्या श्रमांचा माग बराच दूरवर काढता येतो. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपासून निघालेली ही वाट नाशिकरोडच्या मुद्रणालयातून जाते, आणि संगणकाच्या छपाईयंत्राचे रिकामे कार्ट्रिज भरून देणाऱ्या आजच्या लहानशा दुकानापाशी येऊन पोहोचते.

रामकुंडावर स्नानास व श्राद्धास आलेल्या यात्रेकरूंची नावे, गावे आणि कुळे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदवीत आले. पणतवंडाला पणजोबाचा उल्लेख सापडावा एवढ्या दीर्घ मुदतीच्या या लेखनाला शाईही तशीच चिवट लागे. दिव्याच्या ज्योतीवर धरलेली काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी एवढ्याच सामग्रीवर जुन्या काळ्या शाईची सिद्धता होई. परंतु ती कित्येक तास खलावी लागे, कारण खलल्यावाचून काजळीचे कण सुटे होत नाहीत, आणि डिंकाचा आधार नसेल तर ते पाण्यात तरंगत न राहता तळाशी बसतात. काजळी म्हणजे शुद्धप्राय कार्बन असल्यामुळे उन्हाने तिचा रंग उडत नाही, आणि हेच या वह्यांच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण होय.

शाई, दौत आणि कलम हे शब्द आपल्याकडे फारसी राजव्यवहारातून आले, आणि त्यांच्याबरोबर कचेरीची शिस्तही आली. दौतीत कापडाचा बोळा घालण्याची रीत होती; तो शाई शोषून धरी, त्यामुळे दौत कलंडली तरी दप्तर खराब होत नसे, आणि बोरू बोळ्यावर दाबला की त्याला बेताचीच शाई लागे. बोरूच्या टोकाला चाकूने दिलेली बारीक चीर केशाकर्षणाने ती शाई खाली ओढून घेई. ओळभर शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे जोडीत जाणाऱ्या मोडी लिपीच्या कारकुनाला हा प्रवाह मध्येच तुटणे परवडण्यासारखे नव्हते. नाशिकजवळच्या टाकळीस ज्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा मानते, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला, आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबर चाकू, कातर, हिंगूळ अशा साधनांचीही आस्थेने नोंद केली. साधन नीट नसेल तर विद्या अडते, हे त्या पुरुषाने पुरते ओळखले होते.

पुढे इंग्रजी अंमलात शाईचा हा व्यवहार घरगुती खलातून कारखान्यात गेला. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची भुकटी व गोळ्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला, आणि पाण्यात गोळी विरघळविली की शाळेतल्या दौती भरू लागल्या. त्याच्या काही वर्षे आधीच नाशिकरोडला सरकारी मुद्रणाचे मोठे केंद्र उभे राहिले होते. तोवर लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येणारी टपालतिकिटे १९२६ पासून येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली आणि १९२८ मध्ये चलनी नोटांची छपाई सुरू झाली. १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेली संतकवींची सहा तिकिटे येथेच फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापली गेली. या पद्धतीत तांब्याच्या रुळावर कोरलेले असंख्य सूक्ष्म खळगे शाईने भरतात, पोलादी पात्याने वरची शाई निपटून काढतात आणि खळग्यात उरलेली तेवढीच कागदावर उतरते. शाई जाड झाली तर खळगा भरत नाही आणि पातळ झाली तर चित्र पसरते. म्हणजे बोरूच्या चिरेपाशी कारकुनाला जी काळजी घ्यावी लागे तीच येथे यंत्राच्या प्रमाणात घ्यावी लागली.

संगणकाच्या उष्णतेवर चालणाऱ्या शाईयंत्राचा जन्मही शाई भरण्याच्या साधनापाशीच झाला. जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली डाख लावण्याचे तापलेले हत्यार शाईच्या पिचकारीच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उसळून बाहेर आली, असे ती कंपनी सांगते. उष्णतेने बुडबुडा उठवून थेंब फेकण्याची कल्पना यातून पुढे आली. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेही स्वतंत्रपणे तोच मार्ग शोधून १९८४ मध्ये बारा छिद्रांचे थिंकजेट हे यंत्र बाजारात आणले. शाई आणि छिद्रांचे मुख एकाच डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, बसविल्यामुळे शाई संपली की सबंध डबी टाकून द्यावी, असा या रचनेचा संकेत होता. परंतु नव्या डबीची किंमत स्वस्त यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करू लागली, आणि नक्कल, अर्ज, प्रतिज्ञापत्र यांवर पोट असलेल्या माणसाला ती पुन्हा भरून घेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. कार्ट्रिज भरून देण्याचा धंदा उदयास आला तो या गरजेतून.

या कामाचे मर्म डबी भरण्यापेक्षा भरल्यानंतरच्या क्रियेत अधिक आहे. डबीच्या पोटात स्पंज असतो, आणि त्याचे काम दौतीतल्या बोळ्याचेच असते: शाई धरून ठेवणे आणि मागेल तेवढीच सोडणे. सुई हलक्या हाताने खोल नेऊन शाई सावकाश सोडली, तर ती तळापासून चढत जाते आणि हवा वरच्या वर निघून जाते. घाई झाली तर हवेचा कप्पा आतच अडकतो. मग डबी शिगोशीग भरलेली असूनही कागद कोराच राहतो. नुसता कोरा राहता तरी चालले असते, पण छिद्रामागची सूक्ष्म तापनपट्टी शाईवाचून तापली तर ती जळते आणि मुख कायमचे निकामी होते. म्हणून जाणता कारागीर डबी एका प्लॅस्टिकच्या चापात बसवितो, तिच्या मुखाखाली भोक असलेली रबराची मऊ गादी घट्ट टेकवितो, खालून बिनसुईची सिरिंज लावतो आणि तिचा दट्ट्या अगदी संथपणे मागे ओढतो. प्रथम हवा येते, मग फेस, आणि शेवटी शाईची अखंड धार. यालाच तो ‘प्राइम करणे’ म्हणतो. तोंडाने फुंकर मारणे किंवा डबी टेबलावर आपटणे हे अडाणी उपाय होत. तिरंगी डबीत तर जोर कमीजास्त झाला की एका कप्प्यातला रंग दुसऱ्यात शिरतो आणि पिवळ्याची शुद्धता जाते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनेक डब्यांतल्या काळ्या शाईचा रंग आजही कार्बनच्या सूक्ष्म कणांचाच असतो. डिंकाची जागा नव्या रसायनांनी घेतली, परंतु काजळी गेली नाही. मात्र स्वस्त म्हणून त्या डबीत विरघळणाऱ्या रंगाची शाई भरली, तर ओल्या बोटानेही अक्षर पसरते आणि उन्हात ते फिके पडते. ज्या कागदावर कोणाच्या जमिनीचा वा वारसाचा हक्क अवलंबून आहे, त्याची शाई निवडणाऱ्यावर म्हणूनच तीर्थोपाध्यायाइतकी जबाबदारी येते, असे मी मानतो.

डबी भरून झाली की कारागीर ती यंत्रात बसवून कोऱ्या कागदावर बारीक रेघांची जाळी छापून पाहतो आणि एखादी रेघ तुटली असेल तर चाप पुन्हा हाती घेतो. जुना कारकून नवा बोरू तासल्यावर रद्दी कागदावर रेघ ओढून पाही, आणि ती सलग उमटली म्हणजे मगच कोऱ्या बंदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिही.